पारावरचा वड : लावला कोणी आणि राखला कोणी

गाव म्हटले की मंदिर आले आणि मंदिर म्हटले की त्याच्या समोरचा पार आला. पार म्हटला की त्यावर वड, पिंपळ नाहीतर कडुलिंब असायचाच. जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत मंदिराचा इतिहास छापला जातो, देवतेची आख्यायिका छापली जाते, देणगीदारांची नावे रकमेसह छापली जातात, आणि ते योग्यच होय. मात्र ज्या झाडाखाली बसून जीर्णोद्धाराची पहिली बैठक होते, वर्गणीची पहिली पावती फाडली जाते आणि दुपारी पाथरवट भाकरी सोडून बसतात, त्या झाडाविषयी चार ओळीही कोठे आढळत नाहीत. झाड आपोआप आले, आपोआप वाढले, असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक पारावरचा वड बहुधा कोणीतरी लावलेला असतो. दोन-तीन उन्हाळे त्याला कोणीतरी खांद्यावरून पाणी आणून घातलेले असते, गुराढोरांपासून राखलेले असते, आणि पुढे त्याच्याभोवती दगड रचून चौथरा बांधलेला असतो. त्या माणसाचे नाव कोणत्याही शिळेवर नसते.

हे झाड या मुलुखात किती जुने व किती जवळचे, हे गावांच्या नावांवरूनही समजते. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात इतकी आहेत की टपाल नीट पोहोचण्यासाठी पुढे बुद्रुक, खुर्द किंवा मावळ असे काही जोडावे लागते. इ. स. १७७९ मध्ये इंग्रजी फौजेने मराठ्यांपुढे हार पत्करून ज्या गावी तह केला, ते मावळातले वडगावच होय. मुंबईतील वडाळा, पुण्याजवळचे चिंचवड, गुजरातेतील बडोदे म्हणजे वडोदरा, या सर्व नावांत वड आहे. तसेच पिंपळगाव, पिंपरी, उंबरगाव. माणसाने वस्तीसाठी जागा निवडली तेव्हा पाणी आणि सावली या दोन गोष्टी आधी पाहिल्या.

संस्कृतात वडाला न्यग्रोध म्हणतात, म्हणजे खाली वाढणारा. पारंब्या वरून खाली येऊन जमिनीत रुजतात, त्यावरून हे नाव पडले. सम्राट अशोकाच्या लेखांत हाच शब्द प्राकृत रूपात आला आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील त्याच्या सातव्या स्तंभलेखात, पशूंना व माणसांना सावली व्हावी म्हणून आपण रस्त्यांच्या कडेने वड लावविले, आमराया लावविल्या आणि विहिरी खोदविल्या, असे नमूद आहे. पशूंचा उल्लेख माणसांच्या आधी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सौराष्ट्रातील गिरनार येथील शिलालेखातही वाटेवर झाडे लावल्याचा व विहिरी खोदल्याचा मजकूर आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे महाराष्ट्रातही नालासोपारा येथे मिळाले आहेत, त्यांपैकी पहिला १८८२ साली सापडला. त्यात झाडांचा मजकूर नाही, परंतु ज्या राजाने रस्त्याला वड लावले त्याची आज्ञा कोकणच्या बंदरापर्यंत पोहोचली होती, हे त्यावरून निश्चित होते.

पुढे मराठेशाहीत झाडांबद्दल सरकारची काय दृष्टी होती, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून कळते. हा ग्रंथ इ. स. १७१५ च्या सुमाराचा, करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळातला. यातील झाडांविषयीचा मजकूर अलीकडे शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास छापला जातो. महाराजांच्या राज्यकारभाराची शिस्त त्यात उतरली आहे हे खरे, पण लिहिणारे अमात्य होत व लिहिले गेले महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी, हेही सांगितले पाहिजे. आरमारासाठी लाकूड कसे आणावे, या प्रकरणात हा विषय येतो. आंबा, फणस यांचे लाकूड उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे वाढवलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असा त्याचा आशय आहे. जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे झाल्यास धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे, जबरदस्ती करू नये. वडाचे नाव तेथे नाही. जहाजबांधणीत वडाच्या लाकडाला किंमत नव्हती, त्यामुळे तो प्रश्न उद्भवलाच नसावा. वडाचे लाकूड हलके समजले जाते, हेच त्याचे एका अर्थी भाग्य म्हणावे लागेल.

वडाचे मोठेपण पाहून परकीय लोक चकित होत. शिकंदराच्या स्वारीबरोबर आलेल्यांनी पाहिलेल्या या झाडाचे वर्णन थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने आपल्या ग्रंथात केले आहे. भडोचजवळ नर्मदेच्या बेटावरील कबीरवड तर प्रसिद्धच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनी सरकारच्या नोकरीत भडोचला असलेल्या जेम्स फोर्ब्ज या साहेबाने त्याचा घेर सुमारे दोन हजार फूट असल्याचे आणि त्याच्या सावलीत सात हजार माणसे विसावू शकतात असे लिहून ठेवले. नर्मदेच्या पुरांनी त्याचा पुष्कळ भाग नेला, तरी वड आहे. कबीरांनी फेकलेल्या दातवणाच्या काडीपासून हा वड झाला अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी वडाची काडी रुजते हे शेतकऱ्याला सांगावयास नको. आपल्या सातारा जिल्ह्यातील एका वडाचे माप १८८२ साली घेतले गेले, तेव्हा त्याचा घेर १५८७ फूट भरला. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला वड अडीचशे वर्षांहून जुना आहे. १८६४ व १८६७ च्या वादळांनी त्याला धक्का बसला, बुरशी लागली आणि १९२५ साली मूळ खोड कापून काढावे लागले. तरीही झाड मेले नाही. तीन हजारांवर पारंब्यांच्या खोडांवर ते आजही उभे आहे व कोठे सुरू होते नि कोठे संपते हे पाहुण्याला समजत नाही.

इंग्रजीत या झाडाला जे नाव पडले, तेही व्यापारामुळे. त्याच्या सावलीत वाणी लोक माल मांडून बसत, म्हणून ते वाण्यांचे झाड झाले. १८५० च्या दशकात मुंबईत टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली रोख्यांचे दलाल जमत. त्यांचीच पुढे १८७५ साली संस्था झाली व तोच आजचा मुंबईचा शेअर बाजार. कोट्यवधींची उलाढाल वडाखालून सुरू झाली, आणि खेड्यातला आठवड्याचा बाजार तर आजही अनेक ठिकाणी वडाखालीच भरतो. न्हाव्याची पेटी, चांभाराचा ठिय्या, तलाठ्याची वसुली, लसीकरणाचे टेबल, निवडणुकीची सभा, सर्वांना हीच जागा. गावात पोलीस आले तरी पंचनामा पारावरच लिहिला जातो.

इंग्रजी अमलात पक्के रस्ते झाले, तेव्हा त्यांच्या दुतर्फा वड, चिंच, कडुलिंब, आंबा अशी देशी झाडे लावण्याची पद्धत पडली. पायी जाणारा, बैलगाडीवाला आणि लष्कराची पलटण यांना उन्हातून चालणे शक्य व्हावे, हा सरळ हेतू होता. जाड फांद्या तोडून त्या पावसाळ्याच्या तोंडावर खुंटासारख्या रोवल्या जात. पुढे बांधकाम खात्याने या झाडांच्या बुंध्याला चुन्याचे व गेरूचे पट्टे मारले, वर क्रमांक घातले. जुन्या लोकांना हे पट्टे चांगले आठवत असतील. सत्तरी उलटलेल्या माणसाच्या तालुक्याच्या वाटेवरच्या आठवणी म्हणजे बहुतेक या झाडांच्याच आठवणी असतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रस्ते दुपदरीचे चौपदरी झाले, आणि हे क्रमांक घातलेले वड त्यात पडले.

१९५० साली कन्हैयालाल मुनशी हे केंद्रात अन्नमंत्री असताना वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात झाडे लावली जातात हे खरे, पण कोणती? लवकर वाढणारी, शेळ्या न खाणारी आणि फोटोत हिरवी दिसणारी. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली, गुलमोहर मादागास्करमधून, सुबाभूळ व पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातून. या झाडांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पर्जन्यवृक्षाने पुष्कळांना सावली दिली आहे आणि सुबाभळीने दुष्काळात शेळ्या जगवल्या आहेत. परंतु सावली देणे आणि जीव पोसणे यांत अंतर आहे. गुलमोहराखाली माणूस बसू शकतो, पण त्याच्या फांदीवर आलेल्या पाखराला खायला फार काही मिळत नाही. हे अंतर समजण्यासाठी वडाचे फळ म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने पाहावे लागेल.

वडाला फुले येत नाहीत असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ज्याला आपण वडाचे फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो बारीक फुले असतात, तोंड आत करून बसलेली. उंबर फोडले की आत बारीक किडे दिसतात व आपण तोंड वाकडे करून ते टाकून देतो. वडाच्या फळातही असेच किडे असतात. ते एका अगदी लहान गांधीलमाशीच्या जातीचे होत, आणि वडाची ही माशी दुसऱ्या झाडावर संसार करीत नाही. मादी फळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात, म्हणजे परत येण्याची वाट बंद. ती आतल्या फुलांवर परागकण सोडते, काही फुलांत अंडी घालते व तेथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी असतात. त्यांचा जन्म, मीलन आणि मरण एका फळाच्या आत होते. माद्या मात्र पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते, आणि तेवढ्यात त्यांना योग्य वेळेला आलेला दुसरा वड गाठावा लागतो.

येथेच या झाडाचे खरे महत्त्व आहे. माशी दोन दिवसांपेक्षा जगत नाही, म्हणून मुलुखातले सगळे वड एकाच महिन्यात फळून चालत नाही. एक चैत्रात लालभडक होतो, तर चार मैलांवरचा दुसरा श्रावणात. आंबा, जांभूळ, करवंद एकदम येतात आणि एकदम संपतात. वड, पिंपळ, उंबर, नांद्रूक यांच्यापैकी कोणीतरी कोठेतरी बाराही महिने फळलेला असतो. रानात दुसरे काही नसते त्या दिवसांत पाखरे यावरच निभावतात. फळलेल्या वडाखाली सकाळी घटकाभर उभे राहिल्यास तांबट, साळुंकी, बुलबुल, कोकीळ, पोपट, हळद्या एवढी मंडळी सहज मोजता येतात. हिरव्या-पिवळ्या रंगाचा हरियाल, जो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, तो तर वडाच्या पानांत बसला की दिसतच नाही. फळे टपटपू लागली की तो तेथे आहे असे समजावे. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात धनेश येतो. ढोलीत पिंगळा राहतो, खारी राहतात, माकडांचा मुक्काम असतो. खाली पडलेली फळे शेळ्या-मेंढ्या वेचतात.

रात्रीची पाळी वटवाघळांची. नावातच वड आहे, इतका हा संबंध जुना. या प्राण्याला लोक अशुभ मानतात. सरकारनेही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. वटवाघूळ एका रात्रीत कित्येक मैल फिरते आणि वाटेत बी टाकीत जाते. माळावर, कड्यावर, ओढ्याकाठी जे वड-उंबर कोणी न लावता उगवलेले दिसतात, ते पाखरांनी आणि या वटवाघळांनी लावलेले असतात.

हीच पाखरे मंदिराच्या शिखरावरही बी टाकतात, आणि तेथे प्रश्न उभा राहतो. दगडाच्या सांध्यात, जुन्या चुन्याच्या भेगेत वडा-पिंपळाचे रोप उगवते. पहिल्या वर्षी ते दोन बोटांनी निघते. परंतु वड, पिंपळ, औदुंबर तोडू नये या श्रद्धेपोटी त्याला कोणी हात लावीत नाही. दहा-पंधरा वर्षांनी मूळ मनगटाएवढे होते, चिरे सरकतात, पावसाचे पाणी गाभाऱ्यात झिरपू लागते, आणि मग जीर्णोद्धाराची वर्गणी काढावी लागते. महाराष्ट्रातील कित्येक दगडी मंदिरांना हा रोग आहे. श्रद्धा खोटी नाही, तिची जागा चुकली आहे. शिखरावरचे रोप दर दसऱ्याच्या आधी काढावे, व काढून फेकून न देता ते जमिनीत लावावे. भिंतीतून मुळासह अलगद काढलेले वडाचे रोप कुंडीत चांगले धरते. दोन पावसाळे सांभाळले की ते पुरुषभर उंचीचे होते.

मंदिराला झाडापासून जसा धोका, तसाच झाडाला मंदिराच्या कामापासून असतो, आणि तो अधिक मोठा आहे. देणगी चांगली जमली की गाभारा होतो, सभामंडप होतो, मग उरलेल्या रकमेत अंगणाला कोबा, पेव्हर ब्लॉक किंवा चकचकीत फरशी येते. पाराचे जुने सुटे दगड काढून तेथे सिमेंटचा गोल ओटा बांधतात आणि तो बुंध्याला भिडवतात. वरून रंग, देणगीदाराची संगमरवरी पाटी. काम देखणे दिसते. पण मुळांना पाणी जसे लागते तशी हवाही लागते. जुन्या पारात दगडांच्या फटींतून दोन्ही जात होते, सिमेंटमधून जात नाही. बुंध्याभोवती दोन-तीन फूट नवा भराव टाकला तर साल कुजते. खोड दरवर्षी थोडे जाड होते, त्याला ओट्याचा कडा काचतो. झाड लगेच मरत नाही, म्हणून दोष कोणाच्या ध्यानी येत नाही. पाच-सात वर्षांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात, आणि वय झाले असे म्हणून लोक मोकळे होतात. शिवाय विजेच्या माळांसाठी ठोकलेले खिळे, ढोलीत लावलेले दिवे व कापूर, बुंध्यावर ओतलेले तेल, फरशीवर येतात म्हणून तोडलेल्या पारंब्या, हे सर्व आहेच. पारंबी म्हणजे म्हाताऱ्या वडाची काठी होय. ती जमिनीपर्यंत पोहोचू दिली नाही, तर पसरलेली फांदी कशाच्या आधाराने उभी राहणार? तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री या प्रचंड वडाची एक फांदी २०१७ च्या डिसेंबरात कोसळली. वाळवी लागली होती. २०१८ साली त्याला माणसासारखी सलाईन लावून औषध द्यावे लागले व पारंब्यांना नळ्यांतून जमिनीपर्यंत वाट करून द्यावी लागली.

वटपौर्णिमेचेही तसेच झाले आहे. सावित्रीची कथा वडाखाली घडली, म्हणून आयाबहिणी वडापाशी जाऊन सूत गुंडाळीत, पाणी घालीत. भर उन्हाळ्यानंतर, पाऊस नुकता लागलेला किंवा लागायचा असताना, गावातल्या प्रत्येक घरचा तांब्याभर पाणी त्या झाडाला मिळे. आता शहरात वड जवळ नाही म्हणून बाजारात फांदी विकत मिळते, व त्या फांदीसाठी शेजारच्या खेड्यातला वड ओरबाडला जातो. ज्या व्रताने झाड राखले, त्याच व्रताच्या नावाने हे होते, हे नवलच होय.

रस्त्यात आलेल्या वडासाठी गाव उभा राहिल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील भोसे येथे यल्लमा मंदिराजवळ चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तुटणार होता. २०२० च्या जुलैत ग्रामस्थ व वृक्षप्रेमी त्याच्याभोवती जमले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय रस्तेमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि रस्त्याची आखणी बदलण्यात आली. गावाने वड वाचवला. पुढे दोनच वर्षांनी, २०२२ साली, तो कोसळला. एवढ्या खटपटीनंतर असे व्हावे याचे वाईट वाटते. पण भोशाच्या लोकांची खटपट वाया गेली असे म्हणता येणार नाही. एका झाडासाठी महामार्ग वळवता येतो, हे त्यांच्यामुळे सर्वांना ठाऊक झाले.

कायद्याचे कवच किती, हेही माहीत असावे. २०२१ साली राज्याने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा देणारी दुरुस्ती केली, पण ती १९७५ च्या नागरी क्षेत्रांच्या कायद्यात. म्हणजे ती महानगरपालिका-नगरपालिकांच्या हद्दीपुरती लागू पडते. खेड्यातल्या पारावरच्या वडाला ती लागू नाही. मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ गावांत ही वही कपाटात बंद असते. गावातला प्रत्येक जुना वड, पिंपळ, चिंच, त्याची जागा, बुंध्याचा घेर, त्यावर येणारी पाखरे, यांची नोंद तीत करून घेतली तर रस्त्याची किंवा विजेच्या खांबांची आखणी करणाऱ्यापुढे ठेवायला एक कागद तरी होतो. कचेरीत तोंडी बोलण्यापेक्षा कागदाला किंमत असते, हे सर्वजण जाणतात.

आता लावण्याविषयी. या बाबतीत शेजारच्या कर्नाटकातील सालुमरद थिम्मक्का यांचे नाव घेतले पाहिजे. मागडी तालुक्यातील हुलिकल गावच्या या मोलमजुरी करणाऱ्या, शाळा न शिकलेल्या बाईंनी पती चिक्कय्या यांच्यासह हुलिकल ते कुदूर या चार-साडेचार किलोमीटरच्या रस्त्यावर वडाची सुमारे ३८५ झाडे वाढवली. त्यांना मूलबाळ नव्हते. पहिल्या वर्षी दहा रोपे, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. दिवसाचे काम उरकून घागरीने पाणी वाहायचे आणि गुरांनी खाऊ नये म्हणून प्रत्येक रोपाला काट्याचे कुंपण करायचे. चिक्कय्या १९९१ साली वारले. थिम्मक्कांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी रस्तारुंदीसाठी त्यांचे वड तोडले जाऊ नयेत म्हणून त्यांना सरकारला विनंतीही करावी लागली. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. सालुमरद म्हणजे झाडांची रांग. गावाने दिलेले हे नाव त्यांना मूळ नावापेक्षा जास्त शोभले.

त्यांनी केले त्यात न जमण्यासारखे काही नाही. वड दोन प्रकारे लावता येतो. एक म्हणजे फांदी. दंडाएवढी जाड, सात-आठ फूट लांब फांदी मृगाच्या सुमारास तोडावी, पाने काढावीत, वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा थापावा आणि दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात रोवून माती घट्ट दाबावी. महिन्याभरात डिरे फुटतात. बांधावर, रस्त्याच्या कडेला ही रीत बरी, कारण फांदी पहिल्यापासूनच शेळीच्या तोंडापेक्षा उंच असते. पण अशा झाडाला सोटमूळ नसते, त्यामुळे वादळात ते उन्मळण्याची भीती जास्त. मंदिरासमोर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहायचे झाड हवे असेल तर रोपच लावावे. भिंतीत उगवलेले काढून सांभाळलेले रोप त्यासाठी उत्तम.

जागा निवडताना घाई करू नये. मंदिराची भिंत, विहीर, पाण्याची टाकी यांपासून निदान पन्नास-साठ फूट अंतर असावे, वरून विजेच्या तारा गेलेल्या नसाव्यात. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तेवढाच खोल करून उन्हाळ्यात तापू द्यावा, नंतर पोयट्याची माती व कुजलेले शेणखत भरावे. पहिले तीन उन्हाळे पाणी लागते. बुंध्यापासून हातभर अंतरावर मडके पुरून त्याला तळाशी बारीक भोक पाडून चिंधीची वात घातली, तर आठवड्यातून दोनदा मडके भरले तरी चालते. बाभळीच्या काट्यांचे कुंपण लोखंडी जाळीपेक्षा स्वस्त आणि चोरीला न जाणारे. पार बांधायचा झाला तर निदान दहा-बारा वर्षे थांबावे. बांधतानाही बुंध्यापासून चार-पाच फूट सोडून, सुटे दगड मातीत रचून बांधावा आणि मधले आळे उघडे ठेवावे.

पहिली काही वर्षे झाड नुसते पानांचे असते आणि लोक विचारतात की याचा उपयोग काय. पुढे एखाद्या वर्षी पानांच्या बेचक्यात जोडीजोडीने हिरव्या गोळ्या दिसू लागतात. त्या पिकून लाल झाल्या की दोन-तीन दिवसांत तांबट येतो.